भाऊजींचा ब्रश आणि माझी जाळी

भाजणं कोणालाही येतं. कोळसा पेटवला, जाळी ठेवली, तिच्यावर कोंबडी ठेवली की ती भाजतेच. तिला दुसरा इलाज नसतो. अक्कल लागते ती नंतर, जाळी घासताना. यजमान पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलेले असतात आणि माझ्यासमोर काळी, चिकट, जळक्या मसाल्याचे थर चढलेली जाळी पडलेली असते. भिलाई-दुर्गातल्या कितीतरी गच्च्यांवर आणि क्वार्टरांच्या अंगणांत मी ती घासली आहे. संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात माझ्या मसाल्याची कृती असणार. ती मी मेल्यावर सुनेला मिळेल. आज मी ब्रशाबद्दल लिहिणार आहे.

आधी धंदा काय ते सांगते. कोणाचा वाढदिवस असो, रिटायरमेंट असो, पोरगा पास झालेला असो, मी मुरवलेलं चिकन, मासे, पनीर आणि भुट्टे घेऊन जाते, तिथेच भाजून गरमागरम वाढते. सिगडी माझी, जाळी माझी. सिगडी म्हणजे कबाड्याकडून आणलेला पिंप उभा चिरून त्याचा अर्धा भाग चार पायांवर बसवलेला. आमच्या ह्यांच्या एका दोस्ताने तो असा वेल्ड केला आहे की पिंप गंजून जाईल पण पाय सुटणार नाहीत. आम्ही राहतो त्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, असल्या गोष्टींचं कौतुक कोणी करत नाही. आमच्याकडे लोखंडाला कोणी परकं मानत नाही, घरातल्या माणसासारखंच वागवतात.

आणि इथेच घोळ होतो. दुसऱ्या गावात जाळी घासायला लोक बाजारातून काहीतरी घेऊन येतील. भिलाईचा माणूस सरळ वेल्डरचा तारेचा ब्रश काढतो. लाकडी मूठ, तिच्यात भोकं, भोकांत पोलादी तारांचे झुबके. वेल्डिंगवरची खपली काढायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. जाळीसुद्धा दोन मिनिटांत आरशासारखी होते, म्हणून माणूस खूश. पण लाकूड वाळतं, भोकं सैल होतात, वाकून वाकून तारा तुटतात. तुटलेली तार केसाएवढी बारीक. ती जाळीच्या तेलकटपणाला चिकटून बसते, तिथून कोंबडीला चिकटते आणि कोंबडीबरोबर माणसाच्या घशात जाते. घशात रुतली तर डॉक्टरालाही शोधायला घाम फुटतो, आणि पोटात उतरली तर बोलायलाच नको. काटा काढून खाता येतो असा फक्त मासा असतो, तारेचा काटा डोळ्यांना दिसतही नाही.

माझी गिऱ्हाइकं मात्र मला नेहमी उलट शिकवत आली. एका निवृत्त साहेबांनी ऑनलाइन मागवलेला ब्रश मला तलवारीसारखा उपसून दाखवला. लांब दांडा, अडकवायला चामड्याची वादी. म्हणाले, "मॅडम, यात एक भी तार नहीं है, पूरा सेफ." खरंच तार नव्हती, नायलॉन होतं. डब्यावर लिहिलं होतं की जाळी थंड झाल्यावरच वापरा, पण साहेबांनी उभ्या नोकरीत दुसऱ्यांना सूचना दिल्या होत्या, स्वतः वाचल्या नव्हत्या. तापलेल्या जाळीवर त्यांनी ब्रश फिरवला आणि तो चीजसारखा पसरला. त्यांच्या नातीने विचारलं, "दादू, ये पनीर है क्या?" मी पदर तोंडात कोंबून सिगडीमागे वाकले, कोळसा नीट करायचं निमित्त करून.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या एक बाई. घर कडक शाकाहारी. शाकाहारी घरांसाठी माझी जाळी वेगळीच असते, तिच्या कोपऱ्याला हिरवी तार बांधलेली आहे. बाईंनी तरी ती नाकाशी धरून हुंगली, मग चिमटे हुंगले, मग मला हुंगायच्या बेतात होत्या. शेवटी माझ्या हातातल्या तेल लावायच्या ब्रशाकडे बोट करून म्हणाल्या, "और ये ब्रश? ये वेज है?" मी मनात म्हटलं, बाई डोक्यावर पडली. घरी येऊन सहज चौकशी केली तर काय! तसल्या ब्रशांचे केस बरेचदा डुकराचे असतात. म्हणजे इतकी वर्षं मी शुद्ध पनीरला डुकराच्या केसांनी तूप लावत होते. त्या दिवसापासून मी पातीच्या कांद्याची जुडी बांधून तिनेच तेल लावते. त्या बाईंना मी मनातल्या मनात गुरू केलं, तोंडावर कधी सांगितलं नाही.

आता माझी पद्धत. जाळी गरम असतानाच घासायची, पण निखारे बाजूला ओढून. अर्धा कांदा काट्याला खोचून, पाण्यात बुडवून खसाखस फिरवायचा. वाफ होते आणि मळ सुटतो. हट्टी थरासाठी बाभळीची फळी. रंग, पॉलिश काही नको, कोरी. पहिल्यांदा ती तापलेल्या जाळीवर दाबून धरली की कडेला खाचा पडतात आणि मग ती फळी त्या जाळीची जोडीदार होते, प्रत्येक सळईला दोन्ही बाजूंनी खरवडते. ब्रशच हवा असेल तर ज्याला सुटी टोकं नाहीत असा घ्यावा, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचा. भांडी घासायची तारेची घासणी नको, तिचे तुकडे पडतात. आणि तारेच्या ब्रशाशिवाय ज्यांचा जीव रमत नाही त्यांनी निदान प्रत्येक वेळी पक्कडीने चार-दोन तारा ओढून पाहाव्यात. एकही हातात आली तर ब्रशाला रामराम. शेवटी जाळी ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं उजेडात धरून पाहायचं.

माझ्या पिशवीत आणखी एक वस्तू असते. जुन्या स्पीकरमधला चुंबक. तो मी फडक्यात बांधून ठेवते, म्हणजे त्याला चिकटलेली तार फडकं सोडलं की झटकता येते. काही स्टीलला चुंबक लागत नाही, त्यामुळे त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. हे भिलाईच्या माणसाला सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी लिहिलं. फडकं पूर्वी पांढरं होतं. कोळशाच्या धंद्यात ते काळं व्हायला किती वेळ लागणार?

तर आता भाऊजींकडे येते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, देवराव. भिलाईतच, रुआबांध्याला राहतात. सारी नोकरी वेल्डिंग शॉपमध्ये गेली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या गँगमधल्या पोरांनी त्यांचाच जुना तारेचा ब्रश धुऊन-पुसून, मुठीवर नावाची पितळी पट्टी ठोकून त्यांना भेट दिला. शाल-नारळ कुठे गेले देव जाणे, ब्रश मात्र समोरच्या खोलीत भिंतीवर लागला. आल्यागेल्याला भाऊजी तो दाखवणार. ताई असताना ती म्हणायची, "या घरात मी एक सवत भिंतीवर टांगून ठेवली आहे." ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, भाऊजींनी एकट्याने वाढवलं. बुद्धविहारात दर रविवारी ते अंधश्रद्धेवर बोलतात, आणि ते बोलायला लागले की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

प्रज्ञाला पाहायला दुर्गहून मेश्राम येणार होते. आमच्यासारखेच मूळचे नागपूरकडचे, रेल्वेत वॅगन तपासायच्या कामावर होते. मुलगा नितीन, आई, वडील, तिघंच. रविवारी दुपारचं जेवण, आणि भाजायचं काम अर्थातच माझ्याकडे. सिगडी आणि जाळी भाऊजी आदल्या दिवशीच स्कूटरवर घेऊन गेले. सकाळी प्रज्ञाचा फोन आला.

"मावशी, बाबा पहाटेपासून गच्ची धुऊन राहिले. तू लवकर ये. आज कुछ गडबड नको व्हायले."

"अव, कायले होईन गडबड? पाहुणे आपलेच लोक हायत."

"तसं नाही गं." ती जरा थांबली. "नितीनशी मी बोलली आहे दोनदा. मले हे घर पाहिजे."

ही पोरगी स्वतःसाठी कधी काही मागत नाही. ताई गेली त्या वर्षी तिने वाढदिवसाचा फ्रॉकसुद्धा मागितला नव्हता. मी म्हटलं, आज तुझ्या मनासारखंच होणार, मावशीचा शब्द.

मी पोचले, पाठोपाठ पाहुणेही आले. जयभीम झालं, पाणी झालं, मंडळी गच्चीवर गेली. मी खाली प्रज्ञाबरोबर कांदे कापत होते तेवढ्यात भाऊजींनी उत्साहाच्या भरात चिकनचा डबा वर नेला आणि पहिली खेप लावूनही टाकली. मी लिंबं, मिरच्या आणि माझी पिशवी घेऊन वर गेले तर भाजलेल्या तंगड्या प्लेटांत वाढून तयार.

"पाय सुनंदा, जाळी कशी लावली! तोंड दिसते का नाई?"

जाळी लखलखत होती. नको तितकी. माझ्या फळीने जाळी स्वच्छ होते, लखलखत नाही. मी कठड्याकडे पाहिलं. तिथे पितळी पट्टीवाला ब्रश उन्हात ठेवलेला होता. व्याह्यांच्या मानासाठी भाऊजींनी तो भिंतीवरून उतरवला होता. आमच्याकडे याहून मोठा मान नाही! मी तो सहज उचलल्यासारखा उचलला, तळव्यावर हलकेच आपटला. दोन तारा हातात. एका कोपऱ्यात तर चक्क टक्कल पडलेलं.

एका बाजूला भाऊजींची इज्जत आणि दुसऱ्या बाजूला व्याह्यांचा घसा. सगळ्यांसमोर बोलावं तर त्या ब्रशावर डाग, म्हणजे भाऊजींच्या उभ्या नोकरीवर डाग, तोही होणाऱ्या सोयऱ्यांपुढे. गप्प बसावं तर तार कोणाच्या तरी गळ्यात. मी ठरवलं, आधी चुंबकाने अंदाज घ्यायचा, मग पाय अडखळल्याचं सोंग करून सगळी खेप खाली पाडायची. माझ्या धडपडण्यावर चार लोक हसतील. हसू देत.

"थांबा, कोणी हात लावू नका! लिंबू पिळाचं राहिलं!" असं म्हणत मी उजव्या हाताने लिंबू पिळायला लागले आणि डाव्या हाताने काळ्या फडक्यातला चुंबक प्लेटांवरून फिरवायला लागले. हळूहळू, गोल गोल.

मेश्राम साहेबांची नोकरी गाड्यांच्या चाकांखाली डोकावून पाहण्यात गेलेली. त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

"बाई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"लिंबू पिळून राहिली, साहेब."

"लिंबू त्या हातात आहे. मी या हाताचं विचारून राहिलो."

मी स्वतःकडे पाहिलं आणि माझंच डोकं गरगरलं. हातात काळी पोटली, समोर लिंबू, बाजूला हिरव्या मिरच्या, आणि मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. पुटपुटत होते ते "सापड गं बाई, सापड" असं. पण ते कोणाला कळणार?

मेश्राम उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "देवराव, माह्या बापाने गावात असले उतारे बंद करासाठी लोकाइचे बोल खाल्ले. आमच्या घरी नजर, उतारा, काही चालत नाही. तुमच्या घरी चालत असन तर आधी सांगाचं होतं."

त्यांच्या बायकोने पर्स उचलली. नितीन बिचारा हातातला पाण्याचा ग्लास घेऊन ना उभा ना बसलेला. भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला.

"सुनंदा! माह्या घरात? कावून केलं तू हे? दर रविवारी मी लोकाइले काय सांगतो, अन् माह्याच गच्चीवर..."

मी काय सांगणार होते? खरं सांगितलं तर ब्रश जातो, नाही सांगितलं तर पोरीचं घर जातं. दिलेला शब्द माझ्याच पोटलीने मोडायला निघाला होता. सिगडीत उडी घ्यावी असं वाटलं, पण निखारे चांगले लागले होते.

तेवढ्यात कांद्याची परात घेऊन प्रज्ञा जिन्यातून वर आली. तिने सगळ्यांची तोंडं पाहिली, कठड्यावरचा ब्रश पाहिला, माझा हात पाहिला. ती धंद्यात माझ्याबरोबर कितीदा आलेली, तिला दुसरं सांगावं लागलं नाही. परात खाली ठेवून तिने माझ्या हातातली पोटली घेतली आणि सिगडीच्या पिंपावर फेकली. टण्ण आवाज झाला आणि पोटली तिथेच चिकटून राहिली.

"काका, हे नजर-बिजर नाही. चुंबक आहे. बाबांच्या ब्रशच्या तारा गळून राहिल्या, मावशी त्याच शोधून राहिली. बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलली नाही." मग म्हणाली, "आता तुमाले जायचं असेल तर जा. पण हे खाऊन नका जाऊ."

आपल्याच तोंडाने तिने बापाला उघडं पाडलं होतं आणि स्थळही हातचं सोडून दिलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

"माह्या ब्रशच्या?" भाऊजींनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की ते कोणाला विचारत होते तेच कळेना. मग आवाज वाढला. "अरे, हा माह्या हातचा ब्रश आहे! याची तार तुटत नसते!"

"मंग तपासून घेऊ," मेश्राम म्हणाले. ते परत बसले. "तपासल्याबिगर बोलाचं नाही."

भाऊजींनी पिंपावरून पोटली ओढून काढली आणि स्वतः तपासायला घेतलं. पहिली प्लेट, काही नाही. दुसरी प्लेट, काही नाही. तिसरीवर तर त्यांनी पोटली दोनदा फिरवली. काही नाही. भाऊजींची मान ताठ झाली, छाती पुढे आली. "पाहा! मी काय म्हनत होतो!" माझे कान तापले. प्रज्ञाने खाली पाहिलं. मेश्राम हसले आणि समोरच्या सगळ्यात मोठ्या तंगडीकडे त्यांनी हात नेला. मी प्लेटवर पडायच्या तयारीने पाऊल पुढे टाकलं.

"थांबा," भाऊजीच म्हणाले. "खालची बाजू राहिली."

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वेल्डरची सवय, दुसरं काय? सांधा वरून कितीही सुंदर दिसू दे, उलटा करून पाहिल्याशिवाय तो पास होत नाही. त्यांनी तंगडी उलटली, पोटली जवळ नेली. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. मसाल्यातून केसाएवढी एक तार उठून उभी राहिली आणि फडक्याला टेकली.

ती दिसली फक्त भाऊजींना आणि मला. पाहुणे पलीकडे बसलेले, मधे भाऊजींचा रुंद पंजा. त्यांनी अंगठा त्या तारेवर ठेवला असता तर ब्रश वाचला असता, नाव वाचलं असतं, सोयरीकही झाली असती. उरलेलं चिकन मी पाडलंच असतं. खरं सांगते, मी मनात म्हणत होते, ठेवा भाऊजी, अंगठा ठेवा.

भाऊजींनी पोटली वर उचलली, थेट मेश्रामांच्या डोळ्यांसमोर.

"साहेब, जॉब रिजेक्ट," ते म्हणाले. "एक सापडली, दुसरी नाही म्हनून कोन सांगन? सगळा रिजेक्ट." आणि त्यांनी एकेक प्लेट उचलून बादलीत उपडी केली. सिगडीवरची दुसरी खेपही गेली. माझा मसाला गेला, पण त्या वेळी मला मसाल्याचं काही वाटलं नाही. मग ते कठड्याकडे पाठ करून उभे राहिले. "तुमच्या मानासाठी काढला होता ब्रश," एवढंच म्हणाले.

मेश्रामांनी फडक्यावरची ती तार बोटाने उचलली, उन्हात धरून पाहिली आणि जपून खिशातल्या रुमालात गुंडाळली.

"देवराव," ते म्हणाले, "वॅगन खराब दिसली की आमी तिच्यावर खडूने सिक, म्हंजे बिमार, असं लिहितो. मंग ती गाडीतून काढतात. सारी नोकरी मी दुसऱ्याच्या वॅगनले सिक मारत आलो, अन् सारी नोकरी लोक माह्याशी भांडत आले. आपल्याच गाडीले सिक मारनारा मानूस मी आज पयल्यांदा पाहिला." त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने पर्स खाली ठेवली. "आमी पोरगी पाहाले आलो होतो. आता कायले? बाप पाहून झाला."

प्रज्ञा तोंडाला ओढणी लावून जिन्याकडे पळाली. नितीनने ग्लासातलं पाणी अखेर प्यायलं. भाऊजी मात्र तसेच उभे. ताईच्या अंत्ययात्रेलाही ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते भाऊजी त्या राकट, भाजलेल्या पंजांनी डोळे पुसत होते. मग एकदम भानावर आल्यासारखे त्यांनी रिकाम्या प्लेटांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"ते सगळं बरोबर आहे साहेब," ते म्हणाले, "पन आता तुमाले खाऊ काय घालू?"